शिवडी ते तळेगांव : अमेरिकन मोटारीचे दोन निरोप

पेणच्या नाक्यावर मुंबई-गोवें हमरस्त्याच्या कडेला तासभर उभें राहावें आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी नांवानिशीं मोजाव्या, असा एक रिकामटेकडा वाटणारा उद्योग आम्हीं मध्यंतरीं करून पाहिला. एस्. टी.च्या गाड्या टाटा नि लेलँडच्या सांगाड्यावरच्या; घरगुती मोटारी बहुतेक जपानी किंवा कोरियन घराण्यांतल्या, नाहींतर टाटा-महिंद्रांच्या; आणि गांवोगांव माणसें भरून धांवणाऱ्या मिनीडोर तीनचाकी पुण्याच्या फिरोदियांच्या कारखान्यांतल्या, म्हणजे मूळ जर्मन वळणाच्या. अमेरिकन नांवाची गाडी त्या तासांत एकच दिसली. ती होती धुळीनें माखलेली एक जुनी शेव्हरलेट टव्हेरा, आणि तिचाहि मूळ आराखडा इसुझु या जपानी कंपनीचा! (या रस्त्याचें रुंदीकरण २०११ सालीं सुरू झालें, त्याविषयीं येथें एक अक्षरहि लिहीत नाहीं, कारण स्तंभाची जागा मर्यादित आहे.)

हा विषय निघण्याचें कारण रोह्याच्या एका वाचकांचें पत्र. त्यांच्या घरांतील धाकट्या मुलास तळेगांवच्या बाजूस मोटारीच्या कारखान्यांत जागा मिळूं घातली आहे. घरांत दोन तट पडले आहेत. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, त्याच माळावर अमेरिकेची एवढी मोठी कंपनी आली आणि बारा वर्षांत गाशा गुंडाळून गेली; अशा धंद्यांत मुलाला कशाला लोटावयाचें? तरुण मंडळी म्हणतात, कंपनी गेली म्हणून धंदा गेला असें नाहीं. पत्रलेखकांनीं आमचें मत विचारलें आहे. मत देण्यापूर्वीं ती कंपनी कां आली आणि कां गेली हें पाहणें जरूर आहे; आणि त्यासाठीं थोडें मागें, थेट अमेरिकेंत, जावें लागेल.

मोटारीचा जन्म अमेरिकेंतला नव्हे. जर्मनींत कार्ल बेंझनें १८८६ सालीं तिचें पेटंट घेतलें. अमेरिकेनें केलें तें निराळेंच, आणि आमच्या मतें अधिक मोठें. तिनें मोटार सामान्य माणसाच्या दारांत आणली. हेन्री फोर्डनें १९०३ सालीं कंपनी काढली आणि १९०८ च्या ऑक्टोबरांत 'मॉडेल टी' नांवाची मोटार ८५० डॉलरांस बाजारांत आणली. पुढें १९१३ सालीं हायलंड पार्कच्या कारखान्यांत त्यानें चालती जोडणी-सांखळी बसविली.

ही युक्ति पेण-हमरापूरच्या वाचकांस समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. गणपतीच्या कारखान्यांत एक जण साच्यांत शाडू दाबतो, दुसरा भाग जुळवून सांधे बुजवितो, तिसरा घासून अंग गुळगुळीत करतो, चौथा रंगाचा हात देतो. डोळ्यांची आखणी मात्र, ज्याचा हात कधीं कांपत नाहीं, अशा एकाच कारागिराकडे जाते. फोर्डनें यांत दोन फरक केले. माणूस मूर्तीकडे जाण्याऐवजीं मूर्तिच सांखळीवरून माणसाकडे येऊं लागली. आणि डोळे आखणाऱ्या त्या कसबी हाताची गरजच त्यानें नाहींशी केली. प्रत्येक तुकडा यंत्रानें इतका बिनचूक कापलेला असे कीं कालच भरती झालेल्या नवख्यानेंहि तो बसवावा. ज्या सांगाड्याच्या जोडणीस पूर्वीं साडेबारा तास लागत, त्यास दीड तास पुरूं लागला. मात्र दिवसभर एकच खिळा ठोकून माणसें कंटाळत आणि काम सोडून जात. म्हणून १९१४ च्या जानेवारींत त्यानें आठ तासांच्या दिवसास पांच डॉलर, म्हणजे चालू दराच्या जवळजवळ दुप्पट, मजुरी जाहीर केली. त्यांत परोपकार किती आणि हिशेब किती, हा वाद अजून चालतो. आम्ही हिशेबाच्या बाजूचे आहोंत. मोटारीची किंमत उतरत उतरत १९२५ च्या सुमारास २६० डॉलरांवर आली, आणि १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक 'मॉडेल टी' रस्त्यावर उतरल्या.

पण एकाच साच्यावर जीव जडला कीं काय होतें, हेंहि पेणकरांस ठाऊक आहे. वीतभर मूर्ति मागणाऱ्या घरास वीतभर आणि मंडळास पुरुषभर, एकास पगडी तर दुसऱ्यास मुकुट, असें वैविध्य ठेवलें नाहीं तर गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यांत जातें. फोर्डची मोटार बरींच वर्षें काळ्या रंगाशिवाय मिळत नसे. जनरल मोटर्स ही कंपनी १९०८ सालीं विल्यम ड्युरंटनें स्थापिली होती. तिचीं सूत्रें १९२३ सालीं आल्फ्रेड स्लोन यांच्या हातीं आलीं. त्यांनीं शेव्हरलेटपासून ब्युइक-कॅडिलॅकपर्यंत पायऱ्या बांधल्या. कारकुनानें शेव्हरलेट घ्यावी, बढती मिळाली कीं वरची पायरी चढावी, आणि रोकड नसेल तर कंपनीच्याच पेढीनें हप्ते बांधून द्यावे. अंथरूण पाहून पाय पसरावे हें आपल्याकडील शहाणपण. स्लोन यांनीं अंथरूणच उधारीवर लांब करून दिलें! १९२७ सालीं फोर्डला 'मॉडेल टी' बंद करून कारखान्याला कित्येक महिने कुलूप घालावें लागलें. तिसरी कंपनी क्रायस्लर, ती १९२५ सालची. अशा रीतीनें डेट्रॉईट शहराच्या त्रिमूर्तीची प्रतिष्ठापना झाली.

हिंदुस्थानांत फोर्ड कंपनी १९२६ सालीं आली. तीहि थेट नव्हे, कॅनडांतील आपल्या शाखेमार्फत, कारण साम्राज्यांतर्गत मालाला जकातीची सवलत होती. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडीला जोडणीचा कारखाना काढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून पहिली शेव्हरलेट बाहेर पडली. पुढें बऱ्याच वर्षांनीं, १९४८ सालीं एस्. टी. सुरू झाली तेव्हां तिच्या आरंभींच्या ताफ्यांत शेव्हरलेट आणि स्टुडबेकर या अमेरिकन जातीच्या गाड्या होत्या. धरमतरला आगबोटींतून उतरून पेण किंवा नागोठण्याकडे जाणारे आपले आजोबा-पणजोबा 'सर्व्हिस मोटारी'साठीं खोळंबत, तेव्हां अमेरिकन नांवें त्यांच्या तोंडीं घरच्यासारखीं बसलेलीं होतीं.

परंतु शिवडीस होत असे ती जोडणी. निर्मिति नव्हे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. इंजिन, गीअर, ॲक्सल खोक्यांत भरून समुद्रापलीकडून येत, येथें ते स्क्रूनें आवळले जात. म्हणजे साचे परदेशांत, माती परदेशची, आणि येथें फक्त रंगाचा हात. असा कारखाना शंभर वर्षें चालला तरी गांवांत एकहि मूर्तिकार तयार होत नाहीं.

ही उणीव ज्यांस डांचत होती त्यांत सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद प्रमुख होत. विश्वेश्वरय्यांनीं मुंबई इलाख्यांत मोटारीच्या कारखान्याची योजना मांडली होती. तीस धरून वालचंद १९३९ सालीं अमेरिकेस गेले. फोर्डशीं बोलणें फिसकटलें, क्रायस्लरशीं जुळलें. परंतु महायुद्ध सुरू झालें होतें, आणि हा धंदा युद्धास आवश्यक नाहीं असें इंग्रज सरकारनें ठरविलें. लष्कराला हजारों मोटारी हव्या होत्या त्याच दिवसांतला हा निर्णय! अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून क्रायस्लरच्या डॉज जातीच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. वालचंद १९५३ सालीं वारले.

त्याच १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें मोटारधंद्याचा अहवाल दिला आणि सरकारनें तो मान्य केला. ज्यांच्यापाशीं सुटे भाग येथेंच बनविण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम असेल त्यांनीं राहावें; नुसती जोडणी करणाऱ्यांनीं धंदा आवरावा. त्या वेळीं केंद्राचे अर्थमंत्री होते रोह्याच्या घराण्यांतले चिंतामणराव देशमुख, कुलाबा मतदारसंघांतूनच लोकसभेवर निवडून गेलेले. अर्थात् हा विषय त्यांच्या खात्याचा नव्हे, व्यापार-उद्योग मंत्री कृष्णम्माचारी यांचा. वर्षाला थोड्या हजार मोटारींच्या बाजारासाठीं येथें इंजिनें ओतावयाचीं, हें फोर्ड आणि जनरल मोटर्स यांस परवडण्याजोगें वाटलें नाहीं. १९५४ पर्यंत दोघांनींहि आपले कारखाने बंद केले. हा पहिला निरोप.

सरकारचा हा निर्णय चूक होता असें आजकाल पुष्कळ जण म्हणतात. आम्हांस तो अर्धा बरोबर वाटतो. पाहुण्याला 'राहावयाचें तर घरच्यासारखें राबा' म्हणणें वावगें नव्हतें. त्या अटीमुळेंच पुण्या-मुंबईच्या आसपास सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांची जात निपजली, आणि ती आजहि या धंद्याचा कणा आहे. पण पाहुणा गेल्यावर घरच्या मुलास अभ्यासाला बसवावयाचें राहून गेलें. नवा प्रतिस्पर्धी येऊं द्यावयाचा नाहीं, कारखाना वाढवावयास परवाना लागणार, आणि मोटार मिळण्यासाठीं गिऱ्हाइकानें वर्षानुवर्षें नांव नोंदवून बसावयाचें. प्रीमियरनें फियाटचें '११००' हें इटालियन वळण १९५० नंतरच्या दशकांत उचललें. पुढें 'पद्मिनी' हें नांव घेऊन तीच गाडी किरकोळ फरकांनीं शतक संपेपर्यंत निघत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली तेव्हां लोकांचे डोळे पाणावले. आम्हांसहि वाईट वाटलें. पण त्या प्रेमांत दुसरी गाडीच न मिळण्याचा वांटा किती, हेंहि मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

गंमत अशी कीं, जें आपल्याकडे परवान्यानें झालें तें अमेरिकेंत ऐश्वर्यानें झालें. १९५० सालीं जगांतल्या दर चार मोटारींपैकीं सुमारें तीन अमेरिकेंत बनत. डेट्रॉईटची वस्ती तेव्हां साडेअठरा लाखांच्या घरांत होती. त्याच वर्षीं जपानच्या टोयोटा कंपनीचे एइजी टोयोदा फोर्डचा रूज येथील अवाढव्य कारखाना पाहावयास आले. पाहून दिपले, पण जसाच्या तसा उचलला नाहीं. तेवढें भांडवलच त्यांच्यापाशीं नव्हतें. त्यांचे इंजिनियर ताइइची ओनो यांनीं निराळीच घडी बसविली. आपल्या घरांतील गृहिणींस ती लवकर समजेल. कोठीघर वर्षभराच्या धान्यानें भरलेलें असलें कीं तळच्या पोत्याला लागलेली कीड दिवाळीपर्यंत कोणास दिसत नाहीं. रोजचें रोज आणून रांधणाऱ्या घरांत किडका दाणा त्याच दिवशीं सुपांत दिसतो. डेट्रॉईटचीं कोठारें सुट्या भागांनीं ओसंडत. टोयोटानें हवा तो भाग हवा तेव्हांच आणावयाची शिस्त लावली, आणि दोष दिसतांक्षणीं दोरी ओढून सांखळी थांबविण्याचा अधिकार साध्या कामगारास दिला. फोर्डनें कारागिराच्या हातांतून काढून घेतलेलें डोकें टोयोटानें त्यास परत केलें, असें म्हटलें तरी चालेल.

१९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें आणि अमेरिकनांस लहान, कमी पिणाऱ्या मोटारी एकाएकीं गोड वाटूं लागल्या. त्या जपान्यांपाशीं तयार होत्या. क्रायस्लर तर १९७९-८० च्या सुमारास सरकारनें दीड अब्ज डॉलरांच्या कर्जास हमी दिली म्हणून तरली. १९८१ सालीं जपानी मोटारींच्या आयातीवर संख्येची मर्यादा आली. तर होंडानें १९८२ सालीं ओहायो संस्थानांतच मोटार बनविण्यास आरंभ केला. कुंपण घातलें तर शेजारी कुंपणाच्या आंत येऊन राहिला! १९८४ सालीं जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनीं कॅलिफोर्नियांत फ्रेमाँट येथें भागीदारींत कारखाना चालविला. पूर्वीं जनरल मोटर्सनें भांडखोर म्हणून बदनाम केलेले तेथले कामगार टोयोटाच्या पद्धतीनें उत्तम मोटारी काढूं लागले. एवढा धडा घरांत मिळूनहि तो इतर कारखान्यांत पोहोंचवावयास जनरल मोटर्सला फार वर्षें लागलीं. मोठ्या, जड गाड्यांवर नफा भरपूर सुटत असे. लहान गाडीकडे लक्ष देण्याची घाई कोणास नव्हती. २००८ सालीं तेल भडकलें, पतपेढ्या कोसळल्या, आणि २००९ च्या एप्रिलअखेर क्रायस्लरनें व जूनच्या पहिल्या तारखेस जनरल मोटर्सनें दिवाळखोरीचा अर्ज केला. दोघींस सरकारी पैशानेंच पुन्हां उभें केलें. फोर्डनें आधींच मोठें कर्ज काढून ठेविल्यामुळें ती वेळ टळली. डेट्रॉईटची वस्ती २०२० च्या शिरगणतींत सात लाखांच्याहि खालीं आली होती.

आतां तळेगांवची गोष्ट समजावयास सोपी जाईल. १९९१ नंतर दारें उघडलीं आणि दोन्ही जुने पाहुणे परतले. फोर्डनें १९९५ सालीं महिंद्रांशीं भागीदारी करून नाशिकला एस्कॉर्ट ही मोटार काढली आणि पुढें मद्रासजवळ स्वतंत्र कारखाना थाटला. जनरल मोटर्स गुजराथेंत हलोल येथें आली आणि २००८ च्या सप्टेंबरांत, म्हणजे घरीं दिवाळें निघण्यास नऊ महिने उरले असतां, तळेगांवचा कारखाना सुरू झाला. येथें गांठ कोणाशीं होती? मारुतीशीं, तिची पहिली मोटार १९८३ च्या डिसेंबरांत निघाली होती. सुझुकीचे लोक हिंदी गिऱ्हाइकाचें मन पंचवीस वर्षें वाचीत आले होते, आणि तालुक्या-तालुक्याला त्यांचा दुरुस्तीखाना होता. अमेरिकन कंपन्यांनीं एक गाडी आणावी, चार वर्षांत बंद करावी, दुसरें नांव आणावें, आणि मोठे निर्णय समुद्रापलीकडे व्हावे. आपल्याकडे मोटार घेतांना घरांतला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो, 'पुढें विकतांना काय येईल?' ज्या कंपनीच्या टिकण्याविषयीं शंका, तिच्या गाडीस जुन्या बाजारांत भाव नाहीं. भाव नाहीं म्हणून नवीहि खपत नाहीं. या भोंवऱ्यांत शेव्हरलेट सांपडली. २०१७ सालीं जनरल मोटर्सनें येथील विक्री थांबविण्याचें जाहीर केलें तेव्हां शंभर गिऱ्हाइकांतला एकहि तिच्या वांट्याला येत नव्हता. तळेगांवांत परदेशीं पाठविण्याच्या गाड्या बनत होत्या, त्याहि २०२० च्या डिसेंबरांत बंद झाल्या. कारखाना एका चिनी कंपनीस विकण्याचा करार २०२० च्या आरंभीं झाला होता. सरहद्दीवरच्या तंट्यानंतर सरकारी मान्यता मिळाली नाहीं आणि तो मोडला. २०२३ सालीं ह्युंदाईनें तो घेतला. मधल्या काळांत हजाराहून अधिक कामगार कामावरून गेले आणि नुकसानभरपाईसाठीं कोर्टकचेरीच्या पायऱ्या चढत राहिले. फोर्डनेंहि २०२१ च्या सप्टेंबरांत, दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरांवर तोटा झाल्याचें सांगून, येथें मोटारी बनविणें सोडलें. हा दुसरा निरोप. आणि या वेळीं कोणा सरकारनें दिलेला नव्हे, गिऱ्हाइकानें दिलेला.

तेव्हां रोह्याच्या वडील मंडळींची धास्ती निराधार नाहीं. कंपनी जाते तेव्हां चाळिशीच्या कामगाराच्या हातीं काय उरतें, हा खरा प्रश्न आहे. ज्यानें आयुष्यभर सांखळीवर एकच नट आवळला, त्याच्या हातीं फार थोडें उरतें. जो साचे आणि डाय बनवावयास शिकला, यंत्रांची दुरुस्ती किंवा विजेची बाजू शिकला, त्याला चाकणला दुसरा दरवाजा लवकर उघडतो. म्हणून मुलानें जरूर जावें, असें आमचें मत आहे. मात्र पगाराचा आंकडा पाहण्याआधीं कोणत्या विभागांत घेतात आणि काय शिकवितात हें विचारून घ्यावें. कंत्राटी जागा असेल तर ती कंत्राटीच समजून घरचा हिशेब करावा. तिच्या भरंवशावर घराचें कर्ज काढूं नये. एकत्र कुटुंबाचा एक फायदा असा कीं, मुलाचे शिकण्याचे पहिले दोन-तीन वर्षांचे कमी पगाराचे दिवस घर निभावून नेऊं शकतें. तेवढी मदत वडील मंडळींनीं करावी, अशी त्यांस विनंति आहे.

एका अमेरिकन वाहनानें मात्र आपल्याकडे बस्तान बसविलें, तें जीप. महिंद्र बंधूंनीं १९४७ सालीं खोक्यांतून आलेल्या विलिस जीपा माझगांवांत जोडल्या. पुढें एकेक भाग येथें बनवीत तें वाहन इतकें आपलें केलें कीं कोंकणांत 'जीप' म्हणजे महिंद्राच. त्याच वंशांतली 'रॉक्झर' नांवाची, शेतावर चालवावयाची गाडी महिंद्रांनीं २०१८ सालीं खुद्द डेट्रॉईटच्या परिसरांत बनवावयास घेतली. तेव्हां जीपच्या त्या वेळच्या मालकांनीं आमच्या रूपाची नक्कल केली म्हणून फिर्याद गुदरली, आणि २०२० सालीं निकाल महिंद्रांच्या विरुद्ध गेला. तोंडवळा बदलून गाडी पुन्हां उभी करावी लागली.

आणि पेणकरांपैकीं कित्येकांस ठाऊक नसेल असें एक. जनरल मोटर्सनें सोडलेला हलोलचा कारखाना २०१७ सालीं शांघायच्या साइक कंपनीनें एम्. जी. मोटारींसाठीं घेतला. ही साइक १९९७ पासून जनरल मोटर्सचीच चीनमधील भागीदार; गुरूच्या घरांत राहून विद्या शिकली, तिनेंच गुरूचें घर घेतलें. त्या एम्. जी.च्या येथील धंद्यांत जिंदालांच्या जे. एस्. डब्ल्यू. समूहानें मोठा हिस्सा घेतला आहे. म्हणजे पेण तालुक्यांतल्या डोलवीस ज्यांचा पोलादाचा कारखाना आहे, त्याच समूहानें. रोह्याच्या वाचकांनीं मुलासाठीं तळेगांवची चौकशी करतांना हलोलकडेहि एक अर्ज टाकून ठेवावा. डोलवीच्या कारखान्यांत ओळखीचें कोणी असल्यास पत्ता मिळण्यास अडचण पडूं नये.